फक्कीच्या भिंती

सोमवारी सकाळी आठ वाजता मिस्त्री आतल्या भिंती चढवायला घेणार होता, आणि शुक्रवारची संध्याकाळ उलटली तरी आमच्या घराला आतून भिंती हव्यात की नकोत, हेच ठरलं नव्हतं.

जोतं तयार होतं. पाया भरून, मुरूम ठोकून, वर कोबा केलेला तीस बाय सव्वीसचा करडा, सपाट चौकोन. खांब उभे होते आणि त्यांच्या डोक्यांतून सळया बाहेर आल्या होत्या, अंघोळ करून उठलेल्या मुलीच्या केसांसारख्या. बाहेरची चौकट पक्की. भांडण सगळं आतलं.

नवऱ्याला आत सगळं मोकळं हवं होतं. स्वयंपाक, बैठक, जेवण, झोपणं, एका नजरेत मावेल असं. सासूबाईंना खोल्या हव्या होत्या, मावतील तितक्या, आणि प्रत्येकीला दार. सासऱ्यांना काय हवं ते त्यांनी सांगितलं नाही. "जे ठरेल ते नीट पाळा म्हणजे झालं," एवढंच म्हणाले. आणि मला चार फूट बाय सहा फुटांची एक खोली हवी होती, जिचं दार आतून लागतं.

मोठी मागणी वाटत नाही ना? पण आमच्याकडे भिंगरी आहे. भिंगरी म्हणजे माझी मुलगी, वय सव्वादोन वर्षं. ती जन्मल्यापासून मी एकही दार आतून लावलेलं नाही. भाड्याच्या घरात मी अंघोळीला गेले की ती दारात पाटावर बसते आणि मला गोष्ट सांगते. दार लोटलं तर रडते. साधं रडत नाही, श्वास धरते. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ निळे पडायला लागतात आणि मग मी साबणाच्या हातांनी दार उघडते. डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की जाईल. किती मोठी झाली की, ते नाही म्हणाले.

"इथे काय लिहू?" नकाशेबाईंनी माझ्या चार बाय सहावर पेन्सिल टेकवून विचारलं होतं. नकाशेबाई म्हणजे आमचा नकाशा करणाऱ्या बाई. सगळा गाव त्यांना हेच म्हणतो, त्यांच्या दारावरची पाटीसुद्धा आता हेच म्हणते. "बिननावाची खोली कचेरीत चालत नाही. काय ठेवणार आहात हिच्यात?"

"मला," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि 'कोठी' असं लिहिलं.

"कोठीत ही काय करणार?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. खरंच ठरवलेलं काही नव्हतं. काही काम असतं तर बोलायला तोंड तरी राहिलं असतं. शिवणकाम, हिशेब, अभ्यास. नुसतं बसायला खोली मागणारी सून म्हणजे जरा अवघडच.

"आणि मोकळ्या घरात मधेच ही पेटी कुठे बसवू?" नवरा म्हणाला. "नजर अडते."

नवऱ्याचं मला कळतं. तो रेल्वे फाटकाच्या केबिनमध्ये वाढला. सासरे तिथे तीस वर्षं फाटकवाले होते. एकच खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या. अंथरुणात पडल्या पडल्या त्याला वडील झेंडी घेऊन उभे दिसायचे, आई चुलीपुढे दिसायची, आणि तो झोपी जायचा. त्याच्या लेखी प्रेम म्हणजे माणूस दिसत राहणं. सासूबाईंनी त्याच खोलीत तीस वर्षं संसार केला, आणि प्रत्येक गाडीच्या प्रत्येक डब्यानं त्यांना पोळ्या लाटताना, वेणी घालताना, नवऱ्यावर चिडताना पाहिलं. म्हणून त्यांना भिंती.

सासऱ्यांचा नियम एकच: बंद म्हणजे बंद. एकदा फाटकाचं चाक अडकलं आणि दांडा खाली तो खालीच राहिला. गाडी येणार नव्हती हे त्यांना ठाऊक होतं, रुळांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पिशवी घेऊन आलेल्या स्वतःच्या बायकोला चार तास पलीकडे उभं केलं. सासूबाई दांड्याखालून वाकून आल्या नाहीत. त्या म्हणतात, "ह्यांनी अडवलं म्हणून नाही. बंद होतं म्हणून." असं हे घर. यांना रेघ दाखवली की ती यांना भिंत दिसते. हे मला आधी कळायला हवं होतं.

कारण नकाशेबाईंची रीतच अशी की कागदावर कुणाची सही घ्यायची नाही. "कागदावरचं घर कुणाला कळत नाही," त्या म्हणाल्या. "जोत्यावर मी फक्कीनं भिंती आखून देते, खऱ्या मापाच्या. शनिवारी मोकळ्या घरात राहा, रविवारी खोल्यांच्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. रविवारी सहाला सही."

"फक्की म्हणजे ती पांढरी पूड?" सासूबाई म्हणाल्या. "मैदानावर खेळाच्या रेघा मारतात ती?"

"तीच."

"मग चालेल," सासरे म्हणाले. आणि शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोन खाटा, गॅसची शेगडी, पाण्याचे पिंप, चार खुर्च्या, भिंगरीचा पाट आणि एक ताडपत्री घेऊन आमच्या घरात राहायला गेलो. डोक्यावर ताडपत्री, चारी बाजूंना रस्ता. खऱ्या गरजेसाठी मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमागे सोय होती, ती कुठल्याच नकाशात नव्हती.

मोकळं घर सुरुवातीला फार छान वाटलं. वारा इकडून तिकडे जात होता. नवरा बैठकीत उभा राहिला, म्हणजे कोब्याच्या त्या भागावर जिथे खुर्च्या होत्या, आणि हात पसरून म्हणाला, "बघ, इथून तू मला दिसतेस."

"तू माझ्यापासून चार पावलांवर आहेस," मी म्हणाले.

"तेच तर म्हणतोय."

दहा वाजता सासूबाई त्याच्यावर चिडल्या. कारण साधं, त्यानं ओल्या पायांनी खाटेवर पाय ठेवले. त्या रागावून निघाल्या आणि चालत राहिल्या. सव्वीस फूट. टोकाला पोचल्या, पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"आई, तिकडूनही दिसतेस," नवरा प्रेमानं म्हणाला.

त्या परत आल्या. "या घरात रागावून जायला जागाच नाही," त्यांनी नकाशेबाईंना सांगितलं. नकाशेबाईंनी वहीत लिहून घेतलं.

दुपारी भिंगरी झोपली, आणि मग मोकळ्या घराचं खरं रूप कळलं. ती मधोमध खाटेवर. तिच्या चारी बाजूंना आम्ही सहा मोठी माणसं, मिस्त्री आणि नकाशेबाईंसकट, दीड तास पुतळ्यासारखी. मिस्त्रीला शिंक आली तर तो तोंडात रुमाल कोंबून जोत्यावरून खाली उडी मारून पळाला आणि पलीकडच्या रस्त्यावर जाऊन शिंकला. सासऱ्यांनी पाणी हवं म्हणून खुणा केल्या, मला वाटलं पंखा मागतात, मी पुठ्ठ्यानं वारा घातला. त्यांनी तसाच घेतला बिचाऱ्यांनी.

भिंगरी उठली ती मी दिसतेय ना हे बघत. मी दिसत होते. मी सतत दिसत होते. संध्याकाळपर्यंत तिनं मला त्रेचाळीस खडे आणून दिले, एकेक करून, प्रत्येक वेळी "हे बघ". मी प्रत्येक बघितला. खडे सुंदर होते. पण चाळिसाव्याला माझ्या तोंडून "हो गं राणी" असं जे निघालं, ते मी म्हटलं नव्हतं, माझ्यातल्या कुठल्या तरी यंत्रानं म्हटलं होतं, आणि तिनं मान वर करून माझा चेहरा नीट पाहिला. तो चेहरा तिला तसा पुन्हा दिसू नये, म्हणून मला दार हवं होतं. हे मला त्या क्षणी कळलं, पण खडा हातात घेऊन कुणाला सांगणार?

रविवारी सकाळी जाऊन बघतो तर घर भरलेलं. नकाशेबाईंनी आणि मिस्त्रीनं पहाटे येऊन रेघा ओढल्या होत्या. सासूबाईंच्या मागणीप्रमाणे मावतील तितक्या, म्हणजे सात खोल्या, एक बोळ, एक नहाणी. जिथे दार तिथे रेघ तुटलेली आणि दार कुठे उघडणार त्याची अर्धगोल खूण. बोळाच्या टोकाला, नहाणीला लागून, चार बाय सहा.

मी स्वयंपाकघरातून भिंगरीकडे सरळ निघाले.

"अगं," सासरे हळू आवाजात म्हणाले, "भिंतीतून काय जातेस?"

मी थबकले. मागे फिरले. तुटलेल्या रेघेतून बोळात आले.

"दार लोट," ते म्हणाले. मी लोटलं.

खरं सांगते, पहिला अर्धा तास आम्ही हसत होतो. दुसरा अर्धा तास कुणी हसत नव्हतं. नऊ वाजेपर्यंत त्या भिंती झाल्या होत्या. सासूबाई त्यांच्या खोलीत पाय लांब करून भिंतीला टेकायला गेल्या आणि सरळ आडव्या झाल्या. उठून त्यांनी साडी झटकली.

"बांधकाम कच्चं आहे तुझं," त्या मिस्त्रीला म्हणाल्या.

"आजचा दिवस टेकू नका, काकू," मिस्त्री म्हणाला. "उद्यापासून टेका."

मी ओट्यापाशी उभी राहून नवऱ्याला विचारलं, "चहा टाकू का?" तो निजायच्या खोलीत होता. दोन फुटांवर. त्याचा कान मला दिसत होता, कानामागचा तीळ दिसत होता. पण मधे भिंत होती आणि तो जागचा हलला नाही. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारातून बोळात, बोळातून त्याच्या दाराशी गेले आणि तोंडानं टकटक केलं.

"तू हाक मारलीस का?" तो म्हणाला.

"कधीची."

"ऐकूच आलं नाही बघ. हेच म्हणत होतो मी." त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता, पण चेहरा उतरलेला. तो सारखा मान उंच करून बघत होता, आणि समोर सगळं उघडं असून त्याला कुणी दिसत नव्हतं.

भिंती फक्त भिंगरीला नव्हत्या. ती सगळ्या खोल्यांतून आरपार धावत होती, पायांना पांढरी पूड लागलेली. सासरे तिला सांगून दमले. "बाळा, डोकं आपटेल." तिचं डोकं आपटत नव्हतं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

मी वाट बघत होते. स्वयंपाक उरकला, भिंगरीला भरवलं, आणि आता पाचेक मिनिटं कोठीत जाऊन बसावं म्हणून बोळात आले तर कोठीचं दार बंद. आत सासूबाई. मिस्त्रीचं घमेलं उपडं घालून त्यावर बसलेल्या, डोळे मिटून.

"काय मावतं ते बघायला गेल्यात," सासरे दाराशी उभे राहून म्हणाले.

दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. रस्त्यावरून एक बाई कुत्रा घेऊन गेली, तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तीस वर्षं आगगाड्यांनी पाहिलेली ती बाई आज कुणालाच दिसत नव्हती.

त्या बाहेर आल्या तेव्हा वेगळ्याच दिसत होत्या, लग्नाआधीच्या फोटोतल्यासारख्या.

"कशी आहे?" मी विचारलं.

"लहान आहे," त्या म्हणाल्या. "पण आत कुणी हाका मारत नाही गं."

मी पाऊल उचललं तोवर सासरे आत शिरले. "कडी तपासतो," म्हणाले, आणि घमेल्यावर बसले. कडी तपासायला त्यांना वीस मिनिटं लागली. मग मिस्त्रीला माप घ्यायचं होतं. त्यानं एक भिंत मोजली आणि टेप हातात तसाच धरून छताकडे, म्हणजे ताडपत्रीकडे, बघत राहिला. त्याच्यानंतर नकाशेबाई.

"तुम्ही तर आखलीये," मी म्हणाले.

"आखल्यात पुष्कळ," नकाशेबाई म्हणाल्या. "बसले कुठे?"

तोवर सासूबाई पुन्हा येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या होत्या.

"आई, खोली माझी आहे," मी म्हणाले. भिंगरी माझ्या कडेवर होती आणि माझ्या कानात खडा घालायचा प्रयत्न करत होती.

"तुझीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "नाही कोण म्हणतंय? तुझ्याच खोलीत बसतायत सगळे."

तेवढ्यात नहाणीतून नवऱ्याचा आवाज आला. तो जेवणाआधी अंघोळीला गेला होता. अंघोळ म्हणजे खांद्यावर टॉवेल टाकून रेघांच्या आत उभं राहणं, पण तो मनापासून करत होता.

"दार उघडत नाही," तो म्हणाला.

नकाशेबाई कोठीतून बाहेर आल्या, वाकून अर्धगोल खुणा बघितल्या आणि कपाळाला हात लावला. चूक त्यांची होती. नहाणीचं दार बाहेर उघडत होतं, कोठीचंही बाहेर. कोठीचं दार उघडं असलं की नहाणीचं त्यावर आपटत होतं.

"मग कोठीचं लावा," मी म्हणाले.

सासऱ्यांनी ते लावून बघितलं. दोन हातांनी ओढलं, खांद्यानं ढकललं. मग मागे सरून म्हणाले, "बिजागरी अडकलीये." त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं, आता हे दार काही लागायचं नाही.

"बाबा, रेघ आहे ती," नवरा आतून म्हणाला. "मी येऊ का असाच?"

पण तो आला नाही. एक पाय उचलून त्यानं रेघेवर धरला, आणि परत आत घेतला.

"मिस्त्री," सासूबाई म्हणाल्या, "भिंत फोड."

"अजून बांधलीच नाही, काकू. फोडू कशी?"

"उद्या बांधणार आहेस ना?"

"उद्या बांधणार."

"मग परवा फोडशील. तोवर माझ्या मुलानं आतच राहायचं का?"

मिस्त्रीनं यावर विचार केला. हे त्याला पटलं असावं. तो छिन्नी-हातोडा घेऊन आला, कोब्याला धक्का न लावता बराच वेळ हवेत ठोकत राहिला, आणि शेवटी चपलेनं दोन फूट रेघ पुसली. या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली. नवरा भगदाडातून वाकून बाहेर आला. डोक्याला लागू नये म्हणून सासऱ्यांनी त्याच्या डोक्यावर हात धरला होता.

मला वाटलं, आता हा म्हणणार, बघा तुमच्या भिंती. तो टॉवेल घडी करत उभा राहिला. चाळीस मिनिटं त्याला कुणी दिसलं नव्हतं आणि तो कुणाला दिसला नव्हता, लहानपणापासून पहिल्यांदाच. मग त्यानं विचारलं, "कोठीची रांग कुठून आहे?"

"माझ्या मागे उभा राहा," सासूबाई म्हणाल्या.

बिजागरी सासऱ्यांनी तेल घालून सोडवली. तोवर जेवणं झाली, भिंगरीची झोप झाली, तीसुद्धा वेगळ्या खोलीत दार लावून झाली, आणि आम्ही बाहेर मोठमोठ्यानं बोललो तरी ती उठली नाही. पावणेपाचला माझा नंबर आला.

मी भिंगरीला नवऱ्याच्या हातात दिलं. "आई येते हं," म्हटलं. आत गेले. घमेल्यावर बसले. दार ओढलं. हवेत हात उंच करून कडी लावली.

भिंगरी बापाच्या हातून सुटली आणि धावत आली. बोळातून नाही, तीन भिंतींतून. सासरे "अगं अगं" करत राहिले. ती माझ्या रेघेपाशी आली, आणि थांबली.

दिवसभरात ती पहिल्यांदा थांबली होती. तिच्या पायांची पांढरी झालेली बोटं रेघेच्या अलीकडे बरोबर ओळीत. ती सरळ माझ्याकडे बघत होती. माझ्या डोळ्यांत. हात पुढे केला असता तर तिचं नाक माझ्या हाताला लागलं असतं.

"आई कुठेय?" ती म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "आत आहे. येईल."

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिला दिसत नव्हते. नाटक नव्हतं ते. सव्वादोन वर्षांचं मूल एवढं नाटक करत नाही. तिचं तोंड उघडलं. छाती वर आली. मला ती छाती ओळखीची होती. आता श्वास धरणार, आता ओठ निळे पडणार. माझ्या जिभेच्या टोकावर 'इथेय मी राणी' हे सगळं येऊन बसलं होतं. नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तेवढं म्हटलं असतं, की ती भिंत पुन्हा कधी भिंत झाली नसती, विटांची असती तरी. मी दोन्ही हात तोंडावर दाबले. आई अशी असते का, असं कुणी तरी माझ्याच आवाजात विचारत होतं. मी त्यालाही उत्तर दिलं नाही.

भिंगरीनं तो श्वास सोडून दिला.

"बरं," ती म्हणाली, आणि वळून मिस्त्रीकडे गेली. "मला थापी दे."

मी आधी थोडी रडले. मग थांबले, कारण रडायलाही मिनिटं लागतात. मग मी काहीच केलं नाही. माझ्या पायाचं नख वाढलं होतं, ते मला दिसलं. माझा श्वास आत जात होता, बाहेर येत होता, कुणाच्या मागणीशिवाय. बाहेर नवरा भिंगरीला सशाची गोष्ट चुकीची सांगत होता. त्यात ससा रागावतो आणि निघून जातो असं आहे, यानं सशाला परत आणलं. मी दुरुस्त केलं नाही. जाऊ दे, त्याचा ससा. मग मला कंटाळा आला, आणि तो कंटाळा इतका माझा स्वतःचा होता की मी त्याला जरा वेळ मांडीवर घेऊन बसले.

कडी काढून बाहेर आले तेव्हा सहाला दहा कमी होती, आणि माझ्यावाचून सगळं ठरलं होतं.

"सात खोल्या नकोत," सासूबाई म्हणाल्या. "नुसतं दार उघडा, दार लावा. ही एकच पुरे. पण मला दिवसातून दोनदा हवी."

"बाकी सगळं मोकळं," नवरा म्हणाला. "मधोमध हिची पेटी. नजर अडली तर अडली."

"म्हणजे घर उघडं, आणि मधे एक बंद खोली," नकाशेबाई पेन्सिल चालवत म्हणाल्या. "तीस वर्षांत असं घर केलं नाही मी. नहाणीचं दार आत उघडेल. वहिनी, तुम्हाला चालेल?"

मी मान हलवली.

"कडीचं सांगा," मिस्त्री म्हणाला. "उद्या चौकट बसवतोय. कडी वर लावू? पोरीच्या हाताला येणार नाही अशी?"

"वरच," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर कोंडून घेईल स्वतःला."

तेव्हा आम्हाला कळलं की भिंगरी आसपास नाही. थापी बोळात पडली होती. मी वळले. ती कोठीत होती. आत कधी गेली कुणी पाहिलं नाही. पण गेली होती ती दारातून, आणि दार लावलेलं होतं. आमच्याकडे पाठ करून, घमेल्यावर नाही, त्याच्या शेजारी कोब्यावर बसून ती काही तरी करत होती. काय, ते तिच्या पाठीमुळे दिसेना.

"भिंगरी," मी म्हणाले.

ती वळली नाही.

"भिंगरी, घरी जायचं ना?"

मानेवरचे बारीक केस घामानं चिकटले होते. खांदे हलत होते. काही पुटपुटत होती, शब्द लागत नव्हते. मी एक पाऊल पुढे टाकलं, आणि रेघेपाशी माझे पाय थांबले. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"खाली लावा कडी," मी मिस्त्रीला म्हणाले. "तिच्या हाताला लागेल अशी."

"आणि तुमच्या?"

"मी वाकेन."

नकाशेबाईंनी कागद पुढे केला. मी नवऱ्याच्या पाठीवर ठेवून सही केली, सासूबाईंनी केली, सासऱ्यांनी तारीख आणि वेळ घालून केली. सहा वाजून चार मिनिटं. मिस्त्री ताडपत्री सोडायला लागला. खाटा उचलल्या गेल्या, शेगडी गेली, पिंप गेलं. सगळे जण आपापल्या दारातून ये-जा करत सामान टेम्पोत भरत होते. भिंगरी आतच.

मी दाराशी उभी होते. किती वेळ झाला कळत नव्हतं. ती मला पूर्ण दिसत होती आणि ती आत काय करतेय हे मला माहीत नव्हतं, आणि हे असं यापुढे होत राहणार होतं.

शेवटी मी हवेत बोटं आपटली. "टक टक."

पाठ थांबली.

"कोण आहे?" आतून विचारलं.

"मी. आई."

ती विचार करत असावी.

"थांब," ती म्हणाली.

मी थांबले.